विश्लेषण : सीरियल किलरचे ‘प्रकार’ कसे ठरवतात? रमण राघव, जोशी-अभ्यंकर आणि गावित प्रकरणे काय सांगतात?

संत तुकाराम नगर स्थानकातून स्वारगेटकडे जाणारी मेट्रो पकडायची, जिल्हा न्यायालय स्थानकात उतरून रामवाडीची गाडी घ्यायची, की येरवडा येते. याच येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहात २७ नोव्हेंबर १९८३ रोजी जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील चार तरुणांना फाशी देण्यात आली. मुंबईची झोप उडवणाऱ्या रमण राघवनेही आयुष्याची अनेक वर्षे येथेच काढली. चौघांवर दहा खुनांचा ठपका होता. रमण राघवने कबुलीत सांगितलेला आकडा त्याहून कितीतरी मोठा होता. तरीही तो फासावर गेला नाही. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या आजाराने त्याचा मृत्यू झाला.

एकाच राज्यातील या दोन प्रकरणांचा शेवट इतका वेगळा का झाला? याचे उत्तर मानसोपचार आणि न्यायवैद्यक या दोन शाखांच्या सीमेवर सापडते. संत तुकाराम नगरात डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आणि पालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहेत. अशा ठिकाणी रुग्णाचे मन एका विभागात तपासले जाते आणि मृतदेह दुसऱ्या विभागात. मारणाऱ्याच्या मनाचा अंदाज मृतदेहावरून आणि घटनास्थळावरून बांधता येतो का, हा प्रश्न न्यायवैद्यक मानसशास्त्राचा. त्यातूनच सीरियल किलरचे वर्गीकरण पुढे आले. मात्र मोबाइलवरच्या वेबमालिकांत दिसते तितके ते सोपे नाही आणि तितके अचूकही नाही.

सीरियल किलर नेमके कोणाला म्हणायचे?

एकाच व्यक्तीने (किंवा टोळीने) वेगवेगळ्या घटनांमध्ये दोन किंवा अधिक जणांचे खून केले, तर त्याला मालिका हत्या म्हणावे, अशी व्याख्या अमेरिकेच्या एफबीआयने २००५ मध्ये भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत पुढे आली. पूर्वी अनेक अभ्यासक किमान तीन खून आणि दोन खुनांच्या मध्ये ‘शांत होण्याचा काळ’ अशी अट घालत. हा काळ किती दिवसांचा, यावर एकमत होईना. म्हणून ती अट बाजूला ठेवण्यात आली.

एकाच वेळी, एकाच ठिकाणी अनेकांना ठार मारणे म्हणजे सामूहिक हत्या. ती या व्याख्येत बसत नाही. मालिका हत्येत मारणारा प्रत्येक घटनेनंतर रोजच्या जगण्यात परततो. कामाला जातो, कट्ट्यावर बसतो, शेजाऱ्यांशी बोलतो आणि पुन्हा बाहेर पडतो.

भारतीय कायद्यात ‘मालिका हत्या’ असा वेगळा गुन्हा नाही. प्रत्येक खून स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३०२ लागत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागू आहे. त्यामुळे पोलीस तपासात समोर आलेले खून आणि न्यायालयात सिद्ध झालेले खून हे दोन आकडे बहुतेक वेळा जुळत नाहीत.

वर्गीकरणाची सुरुवात कशी झाली?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एफबीआयच्या क्वांटिको येथील प्रशिक्षण केंद्रातील रॉबर्ट रेस्लर आणि जॉन डग्लस यांनी तुरुंगांत जाऊन खुन्यांच्या मुलाखती घेण्यास सुरुवात केली. मनोरुग्ण परिचर्येच्या प्राध्यापक ॲन बर्जेस यांनी त्या माहितीला अभ्यासाची शिस्त लावली. लैंगिक स्वरूपाच्या खुनांत शिक्षा झालेल्या ३६ पुरुषांच्या या अभ्यासातून ‘नियोजनबद्ध’ आणि ‘विस्कळीत’ अशी विभागणी आली.

नियोजनबद्ध खुनी सावज हेरतो, गोड बोलून जवळ जातो. हत्यार, दोरी सोबत आणतो आणि काम झाल्यावर घेऊन जातो. मृतदेह लपवतो, बातम्यांवर लक्ष ठेवतो. विस्कळीत खुनी अचानक झडप घालतो. हाताला लागेल ते हत्यार वापरतो, ते तिथेच टाकतो, मृतदेह आहे तसा सोडतो. पहिला बहुधा हुशार, संसारी, नोकरीधंद्याला असलेला. दुसरा एकलकोंडा, अनेकदा मानसिक आजाराने ग्रासलेला, असे गृहीतक त्यामागे होते. घटनास्थळ पाहून माणसाचा अंदाज बांधायचा, ही पद्धत ‘प्रोफायलिंग’ म्हणून जगभर गाजली.

रोनाल्ड होम्स आणि जेम्स डी बर्गर या अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकात वेगळा प्रश्न विचारला : हा माणूस मारतो कशासाठी? त्यांच्या उत्तरातून चार गट झाले. पहिला, भास-भ्रमांच्या आज्ञेवरून मारणारा. दुसरा, समाजातील एखादा गट ‘संपवायचा’ अशी मोहीम डोक्यात घेतलेला. तिसरा, सुखासाठी मारणारा. यात लैंगिक विकृती, थरार आणि पैसाअडका असे पोटप्रकार येतात. चौथा, दुसऱ्याच्या जिवावर आपली सत्ता चालते या जाणिवेसाठी मारणारा.

हे साचे महाराष्ट्रातील प्रकरणांना लावून पाहिले, की त्यांचे बळ दिसते आणि मर्यादाही.

रमण राघव कोणत्या गटात बसतो?

१९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गालगत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या १९ जणांवर रात्री हल्ले झाले. त्यातील नऊ जण दगावले. डोक्यावर कठीण वस्तूचा घाव, हीच प्रत्येक वेळची पद्धत. संशयास्पद फिरताना रमण राघव पोलिसांना सापडलाही होता. दरोड्याच्या गुन्ह्यात त्याने आधी शिक्षा भोगलेली होती. पण त्याला हल्ला करताना पाहणारा साक्षीदार नव्हता, पुरावाही नव्हता. त्याला सोडून द्यावे लागले.

१९६८ मध्ये उपनगरांत पुन्हा तसेच खून सुरू झाले. लोक उकाड्यातही दारे-खिडक्या लावून झोपू लागले, वस्त्यांत रात्रपहारे बसले. गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे घेतली. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी जुन्या छायाचित्रावरून त्याला रस्त्यात ओळखले. अंगावरच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. बोटांचे ठसे पोलिसांकडील नोंदीशी जुळले. पोटभर कोंबडीचे जेवण मिळाल्यावरच तो बोलू लागला, ही हकिगत पोलीस दलात आजही सांगितली जाते.

हत्यार एकच, पद्धत एकच, रात्रीची वेळ ठरलेली; म्हणजे नियोजन होते. पण सावज कोण, याला काही धरबंध नव्हता. बाई, पुरुष, मूल, कोणीही. लुटीत हाती लागायचे ते किरकोळ. होम्स यांच्या वर्गीकरणात तो पहिल्या, म्हणजे भास-भ्रमांच्या गटात बसतो. जग दोन आहेत, एक ‘कानून’चे आणि दुसरे आपण राहतो ते, इतर लोक आपले लिंग बदलू पाहत आहेत, आपल्या अंगात शक्ती आहे, अशा त्याच्या पक्क्या समजुती होत्या.

तरीही डॉक्टरांमध्ये एकमत नव्हते. मुंबईच्या पोलीस शल्यचिकित्सकांनी त्याला काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवले आणि तो मनोरुग्ण नाही, आपण काय करतो हे त्याला कळते, असे मत दिले. बचाव पक्षातर्फे साक्ष देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने त्याला जुनाट ‘पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया’ असल्याचे सांगितले. सत्र न्यायालयाने १९६९ मध्ये फाशी सुनावली. फाशी कायम करण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांची समिती नेमायला लावली. समितीने त्याच्याशी पाच वेळा, प्रत्येकी सुमारे दोन तास बोलून स्किझोफ्रेनियाचेच निदान केले. पुढे १९८७ मध्ये फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलण्यात आली.

म्हणजे ‘वेडा ठरला म्हणून सुटला’ हा समज चुकीचा आहे. तो दोषीच ठरला, मरेपर्यंत कोठडीतच राहिला. आजाराने त्याचा अपराध पुसला नाही; फक्त शिक्षा बदलली.

जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचे काय?

राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे पुण्यात टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी ओळखीच्याच एका हॉटेल व्यावसायिकाच्या मुलाला पळवून मारले आणि मृतदेह लोखंडी पिंपात घालून सारसबागेजवळच्या तळ्यात बुडवला. ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील तिघे, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील बंगल्यात संस्कृतचे व्यासंगी पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह पाच जण त्यांच्या हातून मारले गेले. २३ मार्च १९७७ रोजी एका सहाध्यायाच्या भावाचा बळी गेला. १४ महिन्यांत दहा खून. दिवस मावळला, की पुण्यातले रस्ते ओस पडत.

ही ‘नियोजनबद्ध’ गटाची पाठ्यपुस्तकी उदाहरणे म्हणता येतील. घर हेरणे, काही तरी निमित्त सांगून आत शिरणे, नायलॉनच्या दोरीने गळे आवळणे, माग लागू नये म्हणून घरात अत्तर शिंपडणे. पण हेतूचा गट विचारला, की उत्तर अडते. पैसा हवा होता, हे खरे. मात्र तेवढ्या ऐवजासाठी घरातले प्रत्येक माणूस मारण्याची गरज होती का? एक खून पचल्यावर वाढत गेलेली धिटाई, म्होरक्याचा धाक, टोळीत मागे न हटण्याची चढाओढ हे सगळे त्यात मिसळलेले होते. होम्स यांचे गट एकट्या माणसाच्या मनावर बेतलेले आहेत. चौघांच्या टोळीत ‘मन’ कोणाचे धरायचे, याचे उत्तर त्यात नाही.

चौघांपैकी कोणाच्याही बाबतीत मानसिक आजाराने कृत्याचे भान नव्हते, असे न्यायालयाने मानले नाही. टोळीतला आणखी एक सहकारी माफीचा साक्षीदार झाला. सत्र न्यायालयाने २८ सप्टेंबर १९७८ रोजी चौघांना फाशी सुनावली. ती वरच्या न्यायालयांतही कायम राहिली.

स्त्रिया या साच्यात बसतात का?

एफबीआयच्या अभ्यासातले ३६ जण पुरुष होते. त्यामुळे स्त्रियांसाठी ते साचे तोकडे पडले. मायकेल केलहर यांनी १९९८ मध्ये स्त्री मालिका खुन्यांचे वेगळे वर्गीकरण मांडले. नवरे किंवा नातेवाइकांना मारणाऱ्या, रुग्णांना मारणाऱ्या परिचारिका, सूड घेणाऱ्या, पैशासाठी मारणाऱ्या आणि दुसऱ्यांच्या साथीने मारणाऱ्या, असे काही गट त्यात होते.

कोल्हापूरचे गावित प्रकरण यातील शेवटच्या दोन गटांत येते. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी १९९० ते १९९६ दरम्यान गर्दीच्या ठिकाणांवरून लहान मुले पळवली. मूल कडेवर असलेल्या बाईवर कोणी सहसा संशय घेत नाही. चोरी करताना पकडले गेलेच, तर मुलाला इजा करून लोकांचे लक्ष वळवता येते. मूल अडचणीचे झाले, की त्याला मारून टाकायचे. १९९६ मध्ये हा प्रकार उघड झाला. अंजनाबाई खटल्याचा निकाल लागण्याआधीच मरण पावली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी ती कायम केली. दयेच्या अर्जावरील निर्णयाला झालेल्या अक्षम्य विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी ती जन्मठेपेत बदलली.

या प्रकरणात मुलांना मारण्यामागे भास नव्हते की थरार नव्हता. मूल हे त्यांच्या लेखी चोरीचे साधन होते. अंगावर काटा येतो तो या थंड हिशेबामुळे.

‘सायको’, ‘सायकोपॅथ’ आणि मनोरुग्ण एकच का?

नाही. ‘येरवड्याला पाठवा’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. सायकोसिस हा आजार आहे. त्यात भास होतात, खोट्या समजुती पक्क्या बसतात, वास्तवाशी नाते तुटते. औषधोपचाराने तो बऱ्याच अंशी आटोक्यात येतो. रमण राघवच्या बाबतीत समितीने केलेले निदान या प्रकारातले होते.

सायकोपथी ही स्वभावाची घडण आहे. दुसऱ्याच्या वेदनेची पर्वा नसणे, पश्चात्ताप नसणे, वरवरचे गोड बोलणे, सराईत खोटेपणा ही तिची लक्षणे. वास्तवाचे भान मात्र शाबूत असते. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या २० मुद्द्यांच्या यादीवर ती मोजतात. प्रत्येक मुद्द्याला शून्य ते दोन गुण, एकूण ४० पैकी साधारण ३० च्या वर गुण पडले तर सायकोपथी मानतात. ही चाचणी प्रशिक्षित तज्ज्ञानेच करायची असते. मोबाइलवरच्या प्रश्नावलीने ती होत नाही. शिवाय सगळे सायकोपॅथ खुनी नसतात आणि सगळे मालिका खुनी सायकोपॅथ नसतात.

स्किझोफ्रेनियाचे बहुसंख्य रुग्ण कोणालाही इजा करत नाहीत. रमण राघवच्या नावामुळे या आजाराकडे पाहण्याची नजर गढूळ झाली, त्याचा त्रास उपचार घेणाऱ्या असंख्य कुटुंबांना होतो.

कायद्याची कसोटी तिसरीच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नुसार (पूर्वीचे कलम ८४) कृत्य करताना मनोविकलतेमुळे त्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा बेकायदा आहे, हे समजण्यास माणूस असमर्थ असेल, तरच तो गुन्हा ठरत नाही. नुसते निदान पुरेसे नाही. कृत्याच्या वेळची अवस्था दाखवावी लागते. रक्त लागलेले कपडे लपवणे, पळून जाणे, खोटे नाव सांगणे यावरून ‘कळत होते’ असा निष्कर्ष न्यायालय काढू शकते.

शिक्षेच्या टप्प्यावर मात्र मानसिक स्थितीला आता अधिक वजन आले आहे. जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गंभीर मानसिक आजार हे फाशी बदलण्याचे कारण मानले. मे २०२२ मधील मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालानंतर फाशीचा विचार करताना आरोपीचा मानसिक मूल्यांकन अहवाल मागवणे अपेक्षित आहे. रमण राघवच्या वेळी जे एका खटल्यापुरते झाले, ते आता पद्धतीचा भाग होऊ लागले आहे.

प्रोफाइलवरून खुनी पकडता येतो का?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतील १०० मालिका खुन्यांचे १०० खून तपासले. नियोजनाची लक्षणे जवळपास सर्वच प्रकरणांत आढळली. ‘विस्कळीत’ असा वेगळा, सुटा गट सापडला नाही. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात होम्स यांच्या गटांनाही तोकडाच आधार मिळाला. एफबीआयच्या २००५ च्या परिषदेतील तज्ज्ञांनीही ठरीव साच्यांपेक्षा हेतू तपासण्यावर भर दिला आणि एका खुन्याचे हेतू अनेक असू शकतात, ते बदलूही शकतात, असे नोंदवले.

लहानपणी अंथरूण ओले करणे, आगी लावणे आणि प्राण्यांना छळणे या तीन खुणांवरून भावी खुनी ओळखता येतो, हा १९६३ पासूनचा समजही नंतरच्या अभ्यासांत टिकलेला नाही. त्यामुळे अंथरूण ओले करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी घाबरण्याचे कारण नाही.

साच्यावर विसंबण्याचा धोका मुंबईने पाहिला आहे. ऑक्टोबर २००६ ते जानेवारी २००७ दरम्यान दक्षिण मुंबईत सात खून झाले. मृतदेहाजवळ बिअरची बाटली सापडल्याने ‘बिअर मॅन’ हे नाव पडले. एका तरुणाला अटक झाली, त्याच्या नार्को चाचणीची मोठी चर्चा झाली, एका खुनात जन्मठेपही झाली. २००९ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. पुढे ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग करण्यास मनाई केली.

त्याआधी १९८५ पासून दोनेक वर्षे शीव-किंग्ज सर्कल भागात फुटपाथवर झोपलेल्या सुमारे बारा जणांची डोकी दगडाने ठेचण्यात आली. १९८९ मध्ये कोलकात्यात तशाच पद्धतीने १३ जण मारले गेले. ‘स्टोनमॅन’ हे नाव सर्वांना ठाऊक आहे. तो कोण, हे आजही सिद्ध झालेले नाही.

मग या अभ्यासाचा उपयोग काय?

वर्गीकरणामुळे आरोपीचे नाव कळत नाही. मात्र वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांतल्या फायली एकमेकींना जोडायच्या का, हे ठरवायला ते उपयोगी पडते. येथे तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, कार्यपद्धती : आत कसा शिरतो, हत्यार कोणते, वेळ कोणती. ही अनुभवाने बदलते. दुसरी, ‘सही’ : खून करण्यासाठी गरज नसताना तो दर वेळी काय करतो. ही सहसा बदलत नाही. तिसरी, भूगोल. एरिक हिकी यांच्यासारखे अभ्यासक खुन्यांचे भटके, एका परिसरात वावरणारे आणि एकाच जागी मारणारे असे गट करतात. रमण राघव दुसऱ्या गटातला. रेल्वेमार्ग आणि उपनगरे हेच त्याचे क्षेत्र होते.

चौथी बाब अनेकदा सर्वांत महत्त्वाची ठरते : तो कोणाला निवडतो? फुटपाथवर झोपणारे, गर्दीत हरवलेले मूल, ज्यांच्यासाठी कोणी ठाण्यात खेटे घालणार नाही अशा बायका. गोव्यात २००९ मध्ये अटक झालेल्या रिक्षाचालक महानंद नाईकवर १६ तरुणींच्या खुनांचे आरोप झाले. लग्नाचे आमिष दाखवायचे, दागिने घालून यायला सांगायचे आणि ओढणीने गळा आवळायचा, अशी पद्धत तपासात समोर आली. हे आरोप सुमारे १५ वर्षांच्या काळातले होते. बळी बहुतेक गरीब घरांतल्या होत्या. मुलगी पळून गेली असेल, या समजुतीत कित्येकींचा शोध थंडावला. काही खटल्यांत तो दोषी ठरला, अनेकांत पुराव्याअभावी सुटला. इतक्या वर्षांनी पुरावा राहतो तरी किती?

जोशी-अभ्यंकर प्रकरणातला शेवटचा बळी मात्र दुसऱ्याच दिवशी नदीत सापडला. तो कोणाबरोबर गेला होता, हे लोकांना माहीत होते. सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्या पथकाने त्या धाग्यावरून टोळी गाठली. दोन्ही प्रकरणांतला फरक खुन्याच्या हुशारीत नव्हता. माणूस नाहीसा झाल्याची दखल किती लवकर घेतली गेली, यात होता.

पिंपरी-चिंचवडकरांनी यातून काय घ्यावे?

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात परराज्यांतून आणि मराठवाडा-विदर्भातून आलेले लाखो कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. ठेकेदार बदलतो, खोली बदलते, मोबाइल नंबरही बदलतो. एखादा चार दिवस दिसला नाही, तर ‘गावी गेला असेल’ असे म्हणून विषय संपतो. मालिका हत्या हा अत्यंत दुर्मीळ गुन्हा आहे, त्यामुळे भीतीने दारे लावून बसण्याचे कारण नाही. पण बेपत्ता माणसाची नोंद वेळेत होणे हे इतर असंख्य गुन्ह्यांतही जीव वाचवते.

तक्रारीसाठी २४ तास थांबावे लागते, असा कोणताही कायदा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. अठरा वर्षांखालील मूल हरवले असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या आदेशानुसार ते पळवले गेले असावे असे धरून गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे. हा आदेश गावित भगिनींनी मुले पळवायला सुरुवात केल्यानंतर तब्बल २३ वर्षांनी आला. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. शेजारची खोली अचानक बंद दिसली, ओळखीचा कामगार पगार न घेता नाहीसा झाला, तर ठेकेदाराकडे, घरमालकाकडे आणि गरज पडल्यास ठाण्यात विचारणा करायला हरकत नाही.